आधी तो व्हॉइस मेसेज ऐक

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या 26 वर्षांच्या एका मुलीचा आहे. थोडक्यात असा: पुण्याला जाहिरात एजन्सीत दोन वर्षं इलस्ट्रेटर होते. मीटिंग म्हटली की धडधड, हात कापणं, दोनदा पॅनिक अटॅक. दिवाळीला गावी आले ती परत गेलेच नाही. आता घरूनच फ्रीलान्स करायचं आहे, म्हणजे माणसांना तोंड द्यावं लागणार नाही. दोन कामं मिळाली, पण एका ग्राहकाचा व्हॉइस मेसेज येऊन नऊ दिवस झाले, तो उघडायची हिंमत होत नाही. ताई, हा काळजीचा आजार घेऊन या धंद्यात टिकता येतं का? घर चालतं का? आणि ग्राहकांना आजाराचं सांगायचं का?

ताई म्हटलंस, म्हणून अहो-जाहो सोडते.

पुढचं वाचण्याआधी तो मेसेज ऐक. आवाज बारीक कर, आईला शेजारी बसव, काय करायचं ते कर, पण ऐक.

ऐकला नसशील. मीही ऐकला नसता. बरं, मग वाच, शेवटी पुन्हा तिथेच येऊ.

मी 2009 पासून हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यातून काम करते. मुलांच्या पुस्तकांची चित्रं, लग्नपत्रिका, आणि आता जास्त करून शेतकरी कंपन्यांची आणि बचत गटांची लेबलं: डाळ, हळद, मिरची, लोणचं. माझ्या धडधडीला डॉक्टरांच्या कागदावर नाव मिळालं 2011 मध्ये. म्हणून टिकता येतं का, याचं उत्तर हो. पण फ्रीलान्स म्हणजे माणसांना तोंड द्यावं लागणार नाही, हे तुझं गणित साफ उलटं आहे. एजन्सीत तुझ्या आणि ग्राहकाच्या मध्ये कोणीतरी उभं होतं. दर तो सांगायचा, शिव्या तो खायचा, वसुली तो करायचा. आता भाव सांगणारी तू, नाही म्हणणारी तू आणि उरलेल्या पैशासाठी तिसऱ्यांदा फोन करणारीही तूच. लपायला म्हणून या धंद्यात आलीस तर सहा महिन्यांत हा धंदाच तुला शोधत येईल.

नऊ दिवसांत काय झालं ते बघ. रोज सकाळी तू ठरवलंस की आज ऐकू. मग ऐकला नाहीस, आणि त्या क्षणी छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. हा उतारच घात करतो. डोकं त्यातून एवढंच शिकतं की मेसेज धोक्याचा होता आणि आपण वाचलो. पहिल्या दिवशी चाळीस सेकंदांचा आवाज होता तो, आता बिळातला साप झालाय. 2012 मध्ये एका प्रकाशकाचा ईमेल मी सतरा दिवस उघडला नाही. आत काय होतं? ‘आभाळाचा निळा जरा गडद वाटतो, हलका कराल का?’ अर्ध्या तासाचं काम. मी उत्तर दिलं तोवर त्यांनी ते दुसऱ्याकडून करून घेतलं होतं आणि पुढचं पुस्तकही त्यालाच गेलं. भीती खरी ठरली, पण ती मीच खरी करून दाखवली.

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट कळली. या धंद्यातली अनिश्चितता दोन प्रकारची असते. एक कागदाने मरते: पैसे कधी, किती, बदल किती वेळा, चित्र कोणाचं. दुसरी कशानेच मरत नाही: काम आवडेल का, पुढच्या महिन्यात फोन येईल का. आपल्यासारखी माणसं नेमकं उलटं करतात. दुसरीवर रात्र रात्र विचार करतात आणि पहिलीचा विषय काढायला लाजतात.

म्हणून आधी कागद. कागद म्हणजे स्टॅम्प पेपर नव्हे, व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज सुरुवातीला पुरतो. माझा असा असतो: ‘तीन लेबलं, रक्कम इतकी, निम्मी आधी, निम्मी छपाईची फाइल देण्याआधी. दोनदा बदल यात धरले आहेत, पुढच्या प्रत्येक बदलाचे इतके. पहिला नमुना अमुक तारखेला. चालत असेल तर “मान्य” लिहून पाठवा.’ मान्य येईपर्यंत पेन्सिल उचलत नाही. सुरुवातीला हे लिहितानाही हात कापायचा, वाटायचं समोरचा म्हणेल, बाई फार व्यवहारी आहे. आजवर असं म्हणणारे दोघे भेटले, आणि दोघांकडेही माझे पैसे बुडाले असते हे नंतर इतरांकडून कळलं.

चित्र कोणाचं, हे तर लिहिलंच पाहिजे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 बघ. कोणी पैसे देऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि त्याच्या उलट करार नसेल, तर त्याचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. आपण काढलं म्हणजे आपलंच, या भरवशावर राहू नको. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि किती वर्षांसाठी, कुठल्या भागासाठी हे लिहिलं नाही तर कलम 19 प्रमाणे पाच वर्षं आणि भारतापुरते धरले जातात. म्हणून मोठ्या कामाला मेसेजवर भागवू नको, एक पानाचं पत्र करून दोघांच्या सह्या घे. माझं कापसाच्या बोंडाचं एक चित्र लेबलासाठी दिलेलं होतं. पुढच्या वर्षी ते कॅलेंडरवर, मग पिशव्यांवर, मग एका टेम्पोच्या मागे दिसलं. कायद्याने माझ्या हातात काहीच नव्हतं, कारण मी काही लिहूनच ठेवलं नव्हतं.

दुसरा कागद उद्यमचा, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा. सरकारी पोर्टलवर आधारवरून नोंदणी होते आणि ती फुकट आहे. तालुक्याला कोणी हजार-दीड हजार मागितले तर देऊ नको. ती काम घेण्याआधीच करून ठेव. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे तुझ्यासारख्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी ठरलं असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि काही ठरलं नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. मी आजवर तक्रार केलेली नाही. एकदाच, नागपूरच्या एका कंपनीने पाच महिने लटकवलं तेव्हा, बिलाखाली उद्यम क्रमांक आणि 45 दिवसांची एक ओळ घालून पुन्हा पाठवलं. आठवड्यात पैसे आले. ज्याला फोनवर मोठ्या आवाजात भांडता येत नाही त्याच्यासाठी ही ओळ फार मोलाची आहे.

कराचं लवकर सांगते. मोठा ग्राहक टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कर, कापतो, आपल्या कामात बहुतेकदा 10 टक्के. ते पैसे बुडत नाहीत. रिटर्न भरलं की हिशेबात येतात आणि जास्त कापले असतील तर परत मिळतात. सेवेच्या कामाला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, तू इतक्यात त्याची चिंता करू नको. तालुक्याला एक बरा सीए किंवा कर सल्लागार गाठ आणि वर्षातून दोनदा जा.

घर चालतं का, हा खरा प्रश्न. तू शेतकऱ्याची मुलगी आहेस, त्यामुळे पैसा दरमहा येत नाही हे तुला पुण्यातल्या मैत्रिणींपेक्षा चांगलं माहीत आहे. कापूस विकला की पैसा, मग पुढच्या कापसापर्यंत कृषी केंद्राची उधारी. आपल्याकडे अनियमित पैशाची सवय आहे, तशीच एक वाईट खोडही आहे: आला की कर्ज फेडायचं, उरला तर लग्नात घालायचा, आणि जूनमध्ये पुन्हा हात पसरायचे. फ्रीलान्समध्ये मी पहिली चार वर्षं हेच केलं आणि दर जूनला माझी झोप उडायची. बाबा पावसाकडे बघायचे, मी मोबाइलकडे.

मग दोन खाती केली. सगळी कमाई एका खात्यात, त्याचं कार्ड कपाटात. दर महिन्याच्या 1 तारखेला त्यातून ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात, तो माझा पगार. सुरुवातीला तो 7,000 होता. एखाद्या महिन्यात 40,000 आले तरी पगार 7,000. हसू येतं ना? पण सहा महिन्यांचा पगार पहिल्या खात्यात साठला त्या महिन्यात मी कित्येक वर्षांनी सलग आठ तास झोपले. कुठल्याही प्राणायामाने तेवढं काम केलं नव्हतं, आणि प्राणायाम मी करते.

हे साठेपर्यंत काय करायचं? इथे माझं मत तुला आवडणार नाही. अर्ध्या दिवसाचं बांधलेलं काम धर. दारव्ह्याला किंवा यवतमाळला एखाद्या प्रिंटिंग प्रेसमध्ये डीटीपीचं, शाळेत चित्रकलेच्या तासांचं, काहीही. ‘मनासारखं काम करायचं तर नोकरी सोडून उडी मारा’ असं सांगणारे व्हिडिओ मीही पाहिलेत. काळजीचा आजार असलेल्या माणसाने उडी मारू नये, पायऱ्यांनी उतरावं. प्रेसमध्ये बसलीस तर छपाई शिकशील, पत्रिकेचा हंगाम कळेल आणि रोज दहा माणसांशी बोलावं लागेल. ते शेवटचं तुला औषधासारखंच आहे.

आता फोन. फोनची भीती एकदम जात नाही, तिच्यासाठी उतरंड लावावी लागते. मला ती सेवाग्रामला समुपदेशनात लावून दिली होती. सगळ्यात वर सगळ्यात हलका फोन: ओळखीच्या मेडिकलला, ‘भाऊ, दुकान किती वाजेपर्यंत उघडं आहे?’ मग एसटीच्या चौकशीला. मग जुन्या मैत्रिणीला. मग ज्याचं काम झालंय, पैसेही आलेत, त्या ग्राहकाला नुसतं ‘छपाई कशी झाली?’ एवढंच विचारायला. भाव सांगायचा फोन सगळ्यात शेवटी. एक मडकं उतरल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही. धडधड थांबेल तेव्हा फोन करू असं म्हणायचं नाही, धडधडीसकट करायचा. काय बोलायचं ते कागदावर लिहून समोर ठेव. मी अजून ठेवते. भाव सांगून झाला की गप्प बसायचं, हे सगळ्यात कठीण. पूर्वी मी ‘आठ हजार’ म्हटलं की समोरच्याने श्वास घ्यायच्या आत ‘पण कमी होतील’ असंही म्हणून मोकळी व्हायचे.

माझ्या फोनची वेळ 11 ते 1. बाकी वेळ तो बाहेरच्या खोलीत. नव्या ग्राहकाला पहिल्याच दिवशी सांगते: काम लिहून पाठवा, ऑडिओत निरोप चुकतो. हे खोटं नाही, खरंच चुकतो. तारीख सांगताना दोन दिवस पुढची सांगते, कारण आमच्याकडे वीज जाते, आणि वादळाने खांब पडला तर नेटवर्क पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय मिळत नाही. इन्व्हर्टरला पैसे घाल, टॅबलेटला नंतर.

चुकीची भीती तू लिहिली नाहीस, पण ती असणारच. माझी सगळ्यात मोठी चूक सांगते. एका ओळखीच्या घरच्या मुलीची पत्रिका. 400 प्रती छापून आल्या, आणि तारखेपुढचा वार चुकलेला. रविवारचा सोमवार. मला तिथेच अंधारी आली. घाम, मुंग्या, आता मरते असं. मुलीच्या घरी जाताना रस्त्यात तीनदा उलटी आल्यासारखी झाली. मुलीच्या वडिलांनी पत्रिका हातात घेतली, चष्मा लावला, वाचली आणि म्हणाले, ‘वार चुकला न बाई, नवरदेव त नाई चुकला?’ मग छपरीत सतरंजी टाकली, मी वाराच्या पट्ट्या छापून आणल्या, आणि नवरीच्या मावश्या, भाऊ, मी, सगळ्यांनी मिळून त्या रात्री 400 पट्ट्या चिकटवल्या. दोन पट्ट्या उलट्या चिकटल्या, त्यावरून ते लोक अजून हसतात.

सगळे असे भेटत नाहीत. एकाने माझ्या चुकीचे पैसे कापूनही घेतले, आणि ते बरोबरच होतं. पण त्या पत्रिकेनंतर मी यादी केली. पत्रिका असेल तर तारीख आणि वार पंचांगाशी ताडून बघायचे. खाण्याच्या मालाचं लेबल असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, क्रमांक 14 आकडी आहे का ते मोजायचं, शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅकिंगची तारीख, तक्रारीचा पत्ता आणि फोन. आधी मोठ्याने वाचायचं, मग दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं. माझी सासू चौथी शिकलेली, तिच्या नजरेतून एकही काना सुटत नाही. शेवटी ग्राहकाकडून ‘तपासलं, छापायला हरकत नाही’ असं लेखी. यादीवर खूण झाली की पुन्हा फाइल उघडायची नाही. आपल्या आजारात तपासण्याला अंत नसतो, यादी तो आणून देते. पहाटे तीनला उठून बघितलेल्या फाइलीत मला आजवर एकही चूक सापडलेली नाही.

आता डॉक्टर. मी डॉक्टर नाही, म्हणून माझ्या बाबतीत काय झालं तेवढं सांगते. पहिला झटका आला तेव्हा सगळ्यांना हार्ट अटॅक वाटला. ईसीजी चांगला निघाला. मग घरात मीठ-मोहरी उतरवून झाली. शेजारची म्हणाली, पोरीले बाहेरचं झालं. एक वर्ष असंच गेलं. मानसोपचाराच्या ओपीडीत पहिल्यांदा कोणीतरी शांतपणे सांगितलं की पॅनिकचा झटका साधारण दहा मिनिटांत शिखराला जातो आणि मग उतरतो, त्याने जीव जात नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासलं, कारण तिथे बिघाड असला तरी धडधड होते. माझं हिमोग्लोबिन 8 होतं! गोळी सुरू झाली तेव्हा पहिले काही दिवस उलट जास्त अस्वस्थ वाटलं, फरक पडायला महिना-सव्वा महिना लागला. हे आधी सांगितलं होतं म्हणून मी टिकले. बरं वाटलं म्हणून मनाने गोळी बंद केली, तो अनुभव मात्र घेऊ नको.

तुला यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. पहिल्यांदा बोलायचंच अवघड वाटत असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केला, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुझ्या फोनच्या उतरंडीतलं हेही एक मडकं समज. आणि जगायला नको असा विचार कधी आला, तर उतरंड वगैरे सगळं बाजूला ठेवून त्याच मिनिटाला घरच्या माणसाला सांग आणि हा फोन लाव. आपल्या जिल्ह्यांत ही गोष्ट बोलायला लोक लाजले आणि किती घरं उजाड झाली, ते तुला मी सांगायला नको. एक इशारा: ओळखीचा मेडिकलवाला ‘झोपेची हलकी गोळी’ चिठ्ठीशिवाय देईल. घेऊ नको. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते आणि मग तीच नवी काळजी होते.

आणखी दोन गोष्टी. एक, इथली हवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. अंगातलं पाणी कमी झालं की छाती धडधडते, डोकं हलकं होतं, आणि आपल्याला वाटतं झटकाच आला. मी एप्रिल-मे मध्ये पहाटे साडेपाच ते दहा काम करते, दुपारी कूलरसमोर नुसती पडते आणि माठ उशाशी ठेवते. दुसरं, चहा. घरी बसलं की सहा-सात कप होतात. मी दोनवर आणला तेव्हा संध्याकाळची थरथर निम्मी झाली. डॉक्टरांनी विचारल्यावर तीनच सांगितले होते, खोटं.

गावाची नजर हा वेगळाच ताप. ‘पुण्याची नोकरी सोडून घरी बसली’ हे तू ऐकत असशीलच. घरी काम करणारी बाई रिकामीच आहे असं गाव धरून चालतं. रोज 10 ते 1 दार लाव आणि काही झालं तरी उघडू नको. मी छपरीत टेबल टाकलं आणि बाहेर पाटी लावली, तेव्हापासून शेजारणी ‘ऑफिस चालू हाय का?’ विचारून येतात. नातेवाइकांची फुकट पत्रिका हा कायमचा घोळ आहे. माझा नियम: सख्ख्या घरचं लग्न असेल तर आहेर म्हणून पत्रिका, चुलत-मावस असतील तर निम्मे पैसे, ‘आपल्याच गावचे’ असतील तर पूर्ण. एक आत्या दोन वर्षं बोलली नाही. आता तिच्या नातीची पत्रिका केली, पैसे घेऊन.

ग्राहकांना आजाराचं सांगायचं का? माझं मत, नाही. त्यांना तारीख हवी असते, तारखेचं सांग: ‘शुक्रवारी होत नाही, सोमवारी दुपारी देते’, आणि सोमवारी दुपारी दे. उशीर होणार हे दोन दिवस आधी कळवणारा माणूस लोक ठेवतात, गायब झालेला ठेवत नाहीत. माझ्या दोनच ग्राहकांना माहीत आहे. दहा वर्षांची ओळख आहे त्यांची, आणि त्यातल्या एकाने उलट स्वतःच्या भावासाठी डॉक्टरांचं नाव विचारलं. घरच्यांना मात्र सांग. वडिलांना ‘डिप्रेशन-अँग्झायटी’ नको, ‘छाती धडधडते, झोप लागत नाही, औषध चालू करायचं आहे’ एवढं सांग. तीन वेळा पेरणी उलटलेल्या माणसाला हे समजतं.

आता तो मेसेज. ऐकून झाल्यावर, त्यात काहीही असो, फोन करू नको, हे लिहून पाठव: ‘नमस्कार. उत्तराला उशीर झाला, माफ करा. मेसेज ऐकला. बदल किंवा पुढचं काय करायचं ते एकदा लिहून पाठवाल का? उद्या सकाळी 11 वाजता मी फोन करते.’ काम हातचं गेलं असेल तर तेही त्यात कळेल, आणि मग तुझ्याकडे एक काम उरलं आहे, त्याची तारीख बघ. पाठवलं की फोन आईच्या हातात दे आणि वावरात जा. जानेवारी आहे, तूर सोंगायला बाबांना माणसं मिळत नसतील.